चावीतला 'च'

वसई ते रेवदंडा या पट्ट्यात पोर्तुगीज दोनशे वर्षं होते. चौलला ते 1521 च्या सुमारास किल्ला बांधत होते, वसई 1739 साली चिमाजी आप्पांनी घेतली. सत्ता गेली, शब्द राहिले: बालदी, बिजागरी, पगार, पाव, कोबी. त्यांत चावी सगळ्यांत बोलकी. ती कुणी आणली आणि साधारण कधी, हे दोन्ही तिच्या पहिल्या अक्षरातच आहे.

मूळ लॅटिन शब्द 'क्लाविस'. पण लॅटिनमधून निघालेल्या रोमान्स भाषांनी तिची नामं बहुतेक कर्माच्या रूपातून उचलली, म्हणून 'क्लावेम' समोर ठेवायचं. नाहीतर हिशेब जुळत नाही. शेवटचा म् गळाला, 'क्लावे' उरलं. मग सुरुवातीच्या 'क्ल'चं जिने तिने आपापलं केलं. इटालियन क्यावे, स्पॅनिश ल्यावे (आता बहुतेक ठिकाणी यावे), रुमानियन केये, कातालान क्लाउ. फ्रेंचने शेवटच गिळला: क्ले. पोर्तुगीजमध्ये झालं 'चावे'. हे काही एकट्या शब्दाचं लाडकोड नव्हे. प्ल आणि फ्लचीही तीच गत. पावसाचा 'प्लुविया' तिथे चुवा झाला, ज्योतीचा 'फ्लामा' चामा. स्पॅनिशात तेच युविया आणि यामा.

आज लिस्बनमध्ये मात्र 'शाव' ऐकू येतं. तिथे सतराव्या शतकाच्या आसपास 'च'चा 'श' होऊ लागला. उत्तर पोर्तुगालच्या काही डोंगरी भागांत जुना च अजून आहे. म्हणजे आपली चावी त्या बदलाआधीच्या उच्चारातून आली. आजचा उच्चार ऐकून व्युत्पत्ती लावणारे नेमके इथेच फसतात. शेवटच्या ए-ची ई होणं नेहमीचंच: बाल्दे-बालदी, कोवे-कोबी. कोबीत व-चा ब झाला, हिंदीतल्या चाबीतही. मराठीने चावीत व राखला.

अर्थाकडे पाहिलं तर लॅटिनमध्ये किल्लीचा 'क्लाविस' आणि खिळ्याचा 'क्लावुस' हे भाऊबंद. लवंग खिळ्यासारखी दिसते म्हणून स्पॅनिशात ती 'क्लावो', पोर्तुगीजात 'क्रावो'. आपली किल्लीही 'कील' म्हणजे खुंटीवरूनच आली. आवाज जुळतो म्हणून क्लाविसशी सोयरीक लावू नये, पण जुनं कुलूप म्हणजे मुळात खुंटी आणि अडसर, हे दोन्हीकडे दिसतं. पोपच्या निवडीची 'कॉन्क्लेव्ह' म्हणजे शब्दशः 'किल्लीसह', किल्लीने बंद करता येणारी खोली.

मराठीत चावी आणि किल्ली या दोघींनी कामं वाटून घेतली आहेत. यशाची गुरुकिल्ली असते, गुरुचावी नाही. नळाला मात्र चावी. स्पॅनिशातही नळाच्या तोटीला 'यावे' म्हणतात. पोर्तुगीज, इटालियन, फ्रेंच मेकॅनिक नट आवळायच्या अवजारालाही हाच शब्द वापरतात. आपल्या गॅरेजात त्याला पाना म्हणतात, चावी म्हटलंत तर गाडीची किल्ली हातात ठेवतील.