फिंचची पिल्लं आणि सासूबाईंची म्हण

सहकारनगरच्या आमच्या गॅलरीत झेब्रा फिंच या चिमुकल्या पक्ष्यांची एक जोडी आहे. नर 'फॉन' रंगाचा, म्हणजे चहात दूध जरा जास्त पडल्यासारखा, आणि मादी नेहमीची करडी. राळा आणि बाजरी खातात, समुद्रफेस कुरतडतात आणि पहाटेपासून पीं-पीं करून शेजारच्यांना उठवतात. (मुनिया पाळायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, फिंच ऑस्ट्रेलियाचे, म्हणून चालतात.)

दिवाळीनंतर मडक्यातून पाच पिल्लं बाहेर आली. तीन फॉन, दोन करडी. चोची अजून काळ्याच होत्या, नर कोण मादी कोण ओळखू येत नव्हतं, तरी सासूबाईंनी गॅलरीत उभ्याउभ्या सांगून टाकलं, "फॉन त्या मुली, करडे ते मुलगे. पितृमुखी कन्या सुखी, मातृमुखी पुत्र सुखी!" मी हसले. दोन-अडीच महिन्यांनी करड्या दोघांच्या गालांवर नरांचे नारिंगी ठिपके उमटले, फॉन तिघींचे गाल कोरेच राहिले. सासूबाई बरोबर!

मग मी वाचायला बसले. आपल्यात पोराचं लिंग बापाच्या बीजावर ठरतं, पक्ष्यांत आईच्या अंड्यावर. नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. फॉन रंगाचं जनुक झेडवर असतं, आणि करड्यापुढे ते दबतं. आई लेकीला डब्ल्यू देते, म्हणजे लेकीचं एकुलतं झेड बापाचंच. बाप फॉन, तर ती फॉन. मुलाला मात्र आईचंही झेड मिळतं आणि तो करडा होतो. जोडी उलटी असती, म्हणजे करडा नर आणि फॉन मादी, तर सगळी पिल्लं करडी निघाली असती (नराच्या घराण्यात फॉन लपलेला नसेल तर) आणि म्हण तोंडावर आपटली असती.

पण मला खरी चक्रावून टाकणारी गोष्ट पुढे सापडली. १९९८ साली अर्जेंटिनातल्या पिगोझी आणि सोलारी या संशोधकांनी याच फिंचमध्ये एक जादा गुणसूत्र दाखवलं. सगळ्यांत मोठं, पण पिसं, रक्त, मेंदू, कशातच नाही. फक्त अंडी आणि शुक्रपेशी घडवणाऱ्या पेशींत. बाकी शरीर गर्भातच ते टाकून देतं. नरही शुक्रपेशी घडताना बहुधा ते बाहेर फेकतो, म्हणून पिल्लांना ते जवळजवळ नेहमी आईकडूनच मिळतं. २०१९ मध्ये गाणाऱ्या पक्ष्यांच्या सोळा जाती तपासल्या, सोळाही जातींत ते निघालं. आईचा एवढा मोठा ठेवा, आणि तोंडावळ्यात त्याचा मागमूस नाही. सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "मग स्त्रीधनच की ते."

आता करड्या मुलांपैकी एकाला दुसरीकडून आणलेली फॉन मादी जोडली आहे. मडक्यात चार अंडी आहेत. हा बाप वरून करडा, आत फॉन. त्यामुळे मुली काय नि मुलगे काय, दोन्ही रंगांचे होऊ शकतात. रंगावरून काही कळणार नाही, गाल उमटेपर्यंत थांबावं लागेल. हे सासूबाईंना दोनदा समजावलं. त्यांचं भाकीत तयारच आहे.