सहेलीचं मांजर

जानेवारी 2017 मधली गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा टाकून मी मोबाइलवर एका मांजराचं चित्र बघत बसलो होतो. मांजराचं नाव फेलिडार गार्डियन. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचा ‘ईथर रिव्होल्ट’ नावाचा नवा संच त्या महिन्याच्या वीस तारखेला यायचा होता आणि रिवाजाप्रमाणे त्यातली पानं रोज थोडी थोडी आधीच दाखवली जात होती. मांजर चित्रात भलंमोठं होतं, पण ताकद एक. माना म्हणजे पान खेळायला मोजायची ऊर्जा. चार माना मोजून एक ताकदीचं जनावर कोण घेणार? पण खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे मांजर मैदानात आलं की तुमचं दुसरं कुठलंही एक परमनंट, म्हणजे मैदानात टिकून राहणारं पान, हवं तर बाहेर काढा आणि लगेच परत आणा.

भाजी गार झाली.

न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. या खेळात पत्त्यांचा जोड सगळ्यांचा मिळून एक नसतो, ज्याचा त्याने घरून बांधून आणायचा असतो. त्याला डेक म्हणायचं. किमान साठ पानं, आणि साध्या लँड, म्हणजे माना देणारी पानं, सोडल्या तर एकच पान चारपेक्षा जास्त वेळा घालायचं नाही. सुरुवातीला हातात सात पानं आणि खात्यावर वीस आयुष्य. समोरच्याचं आयुष्य शून्यावर आणा, नाहीतर त्याच्या गठ्ठ्यातली पानं संपू द्या. रिकाम्या गठ्ठ्यातून पान उचलायची वेळ आली की तो हरला. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, माझ्या ते राहिलं नव्हतं.

आईला हे समजावून सांगितलं तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला होता. “पानं तुझी तूच निवडून न्यायची?”

“हो.”

“आणि तरी हरून येतोस?”

आई रमीतली पक्की. तिच्या हातात बदामची दश्शी आणि राणी असली की ती गुलामाची वाट बघत तीन डाव कळ काढते, चेहऱ्यावर रेष हलू देत नाही. खरं तर कॉम्बो (एकमेकांच्या जोरावर चालणारी पानं) म्हणजे काय हे तिला माझ्याआधी कळलेलं आहे. साधा खेळाडू नवं पान वाचताना ‘हे काय करतं’ ते बघतो. कॉम्बोवाला बघतो ‘याचा भिडू कोण’. पान एकटं कितीही दुबळं असू दे. उलट दुबळं असलं तर बरंच, कुणाची नजर जात नाही.

मांजराचा भिडू शोधायला मात्र फारशी अक्कल लागली नाही. तो आदल्याच संचात, सप्टेंबर 2016च्या ‘कलादेश’मध्ये बसलेला होता. भिडू कसली, सहेलीच. सहेली राय. कलादेश ही त्या खेळातली भारतावरून बेतलेली दुनिया. सगळीकडे नक्षीदार पितळी यंत्रं, साडीसारखी वस्त्रं, रश्मी नावाची कारागीर आणि चंद्रा नावाची एक मुलगी जी शीतल वगैरे काही नसून दिसेल ते पेटवून देते. नाव मात्र आपल्या कानाला ‘काळा देश’ असंच ऐकू यायचं. 2025च्या संचात ते बदलून अविष्कार केलं. आमच्या ग्रुपवर तेव्हा ‘चला, बारसं नीट झालं’ असा मेसेज फिरला.

सहेली धातूच्या हुबेहूब प्रतिकृती घडवते. पानावरही तेच. तिची निष्ठा, म्हणजे करामतींसाठी खर्चायचं तिचं भांडवल, तीन. त्यातली दोन खर्च करून ती तुमच्या एका प्राण्याची नक्कल बनवते आणि त्या नकलेला आल्याआल्या हल्ला करता येतो. आता जुळवा. सहेलीने मांजराची नक्कल केली. नक्कल म्हणजेही मांजरच, त्यामुळे ते येताच सहेलीला बाहेर काढून परत आणतं. परत आलेली सहेली खेळाच्या दृष्टीने कोरी करकरीत, निष्ठा पुन्हा तीन. ती पुन्हा नक्कल करते. ते मांजर पुन्हा सहेलीला… तिसऱ्या टर्नला सहेली, चौथ्याला मांजर, आणि मग मैदानभर हवी तितकी मांजरं. वीस आयुष्य असेल तर तीस मांजरं सोडा. लोकांनी या जोडीला कॉपीकॅट नाव दिलं. पान जाहीर झाल्यावर ही जोडी जगभर एकाच वेळी दिसली असावी, कारण माझा मेसेज ग्रुपवर जाईपर्यंत तिथे आधीच चौघांनी तेच लिहिलं होतं.

दिसली नव्हती ती पानं बनवणाऱ्यांनाच. हे त्यांनी नंतर मोकळेपणाने कबूलही केलं. घोळ एका शब्दाचा. असली काढून-परत-आणणारी पानं पूर्वीही होती, पण बहुतेकांवर ‘प्राणी’ असं लिहिलेलं असायचं. सहेली प्राणी नाही. इथे ‘परमनंट’ लिहिलं गेलं आणि दार उघडं राहिलं. मला यात त्यांची चूक कमी आणि गंमत जास्त वाटते. हा खेळ 1993 साली आणणारे रिचर्ड गारफिल्ड गणितातल्या कॉम्बिनेटोरिक्सचे पीएचडी. म्हणजे जोड्या मोजण्यातच डॉक्टरकी केलेला माणूस. आज या खेळात पंचवीस हजारांहून जास्त वेगवेगळी पानं आहेत. नुसत्या दोन-दोनच्या जोड्या धरल्या तरी 31 कोटींच्या वर जातात. तपासणार कोण आणि कधी?

बरं, जोडी माहीत असणं वेगळं आणि हातात येणं वेगळं. साठात चार सहेली आणि चार मांजरं असली, तर पहिल्या सात पानांत दोघंही निदान एकेक असण्याची शक्यता साडेचौदा टक्के. पहिली खेळी तुमची असेल तर चौथ्या टर्नपर्यंत दहा पानं बघून होतात, तेव्हा ती साडेसव्वीस. म्हणजे चारात एकदा. बाकी वेळा नुसती सहेली घेऊन बसायचं किंवा नुसतं मांजर. म्हणून मग उरलेला डेक शोधाशोध करणारी पानं आणि समोरच्याला अडवणारी पानं यांनी भरायचा. त्यात सहेली निळी-लाल आणि मांजर पांढरं, म्हणजे तीन रंगांच्या लँडचा मेळ घाला. शिवाय समोरच्याकडे एका लाल मानाचं ‘शॉक’ हे इजा करणारं पान असलं की त्याने ऐनवेळी सहेलीला गाठायचं. खेळ खलास.

पण मी तो डेक बांधलाच नाही. जी जोडी सगळ्या जगाला सापडली ती आपली कशी म्हणायची? मला मांजर आवडलं होतं, मग त्याला दुसरा भिडू बघायला लागलो. सापडला तोही कलादेशातच. पॅनहार्मोनिकॉन नावाचं एक वाद्ययंत्र. ते मैदानात असलं की ‘आल्यावर होणारी’ प्रत्येक गोष्ट एकदा जास्त होते. त्यात क्लाउडब्लेझर नावाचा उडणारा प्राणी घातला. तो आल्यावर दोन आयुष्य आणि दोन पानं मिळतात, यंत्र असलं की चार आणि चार. आता दोन मांजरं, एक यंत्र, एक क्लाउडब्लेझर. एक मांजर दुसऱ्या मांजराला आणि क्लाउडब्लेझरला आत-बाहेर करतं, दुसरं पहिल्याला आणि पुन्हा क्लाउडब्लेझरला. चक्र थांबतच नाही. रात्री दीड वाजता हे कागदावर जमलं तेव्हा मी पंखा बंद करून आलो, उकडत असूनही, कारण पानं उडत होती. त्या आठवड्यात माझ्यासारखा सुखी माणूस पुण्यात नसेल. डेक अजून एकदाही हरलेला नसतो, तेच ते दिवस. बाथरूममध्ये, सिग्नलला, मीटिंगमध्ये मी हात खेळत होतो आणि प्रत्येक हातात चारही पानं येत होती.

शुक्रवारी संध्याकाळी दुकानात गेलो. समोर कॉलेजातला मुलगा, लाल डेक, मिसरूड फुटलेलं. त्याने मला तीन आयुष्यावर आणलं आणि नेमकं दुसरं मांजर माझ्या हातात आलं. मी खुर्ची पुढे ओढली. चक्र सुरू. चार आयुष्य, चार पानं. चार आयुष्य, चार पानं. शेजारच्या टेबलावरची मंडळी बघायला उठली. नऊ फेऱ्या झाल्या, माझं आयुष्य 39 झालं आणि मांडीवर पानांचा ढीग. मी विजयी मुद्रेने वर पाहिलं.

मुलाने माझ्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. तिथे दोन पानं उरली होती.

“काका, मी थांबतो,” तो म्हणाला.

टर्न संपताना हातात सातच पानं ठेवता येतात, बाकीची मी एकेक करून टाकली. पुढचे दोन टर्न त्याने फक्त अडवाअडवी केली. तिसऱ्या टर्नला मला उचलायला पान नव्हतं. 39 आयुष्य खात्यावर ठेवून वारलो. मांजरावर ‘हवं तर’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं, पाचव्या फेरीला थांबता आलं असतं. त्याच चक्रात लँड आत-बाहेर करून माना मोकळा करता आला असता, हे रिक्षात बसल्यावर सुचलं. रिक्षावाल्याला सांगावंसं वाटत होतं.

पुढे तीन महिने डेक दुरुस्त करत राहिलो. लँडची युक्ती बसवली, जिंकायचं एक पानही घातलं. एप्रिलमध्ये सगळ्यांचं लक्ष बंदीच्या यादीकडे होतं. 24 तारखेला यादी आली, त्यात मांजर नव्हतं. मी निश्चिंत होऊन उरलेली दोन मांजरं मागवली. 26 तारखेला पुरवणी निघाली: फेलिडार गार्डियन स्टँडर्डमधून, म्हणजे अलीकडच्या संचांच्या खेळप्रकारातून, बाद. कॉपीकॅटवाल्यांनी उच्छाद मांडला होता हे मान्य, पण माझ्या गरीब मांजराने कुणाचं काय घोडं मारलं होतं? सुक्याबरोबर ओलंही जळालं. सहेली मात्र सहीसलामत सुटली.

मागवलेली मांजरं शुक्रवारी घरी आली, त्याच दिवशी पुढचा संच दुकानात आला. आईने पाकीट फोडलं.

“हे मांजर बाजूला का ठेवतोस?”

“त्याच्यावर बंदी आली.”

“मांजरावर?” ती बराच वेळ चित्र बघत राहिली. मग तिने आपला रमीचा जोड काढला आणि मांजर त्यातल्या एका पानावर ठेवून बघितलं. माप बरोबर जुळलं.

तिच्या जोडातली चौकटची सत्ती दिवाळीपासून हरवलेली होती. आता तिथे फेलिडार गार्डियन आहे, कोपऱ्यात बॉलपेनने काढलेला चौकट आणि सात. पाठ वेगळी असल्यामुळे ते कुणाच्या हातात आहे हे सगळ्यांना दिसतं. मावशीने पहिल्याच दिवशी तक्रार केली. आई म्हणाली, “दिसू दे. भिडू कुठे दिसतायत?”