टेप का लावत नाही?

दर जूनमध्ये माझ्या व्हायोलिनच्या क्लासला नवे पालक येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, दारात चपला घालता घालता विचारतात, "बाकीच्या क्लासमध्ये फिंगरबोर्डवर रंगीत टेप लावतात. तुम्ही का नाही लावत?" सूर असा, की मी टेपचे पैसे वाचवतेय. इतके दिवस "लागत नाही" म्हणून विषय संपवायचे. यंदा सात जणांनी विचारलंत, म्हणून एकदाच सांगते.

मी लावायचे. सहा वर्षं लावली. फिंगरबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या बोटं टेकवायच्या पट्टीवर, बोटांच्या जागा दाखवायला: पहिल्या बोटाला लाल, दुसऱ्याला पिवळी. दोन महिन्यांत मूल वाढदिवसाचं गाणं ओळखू येईल इतपत वाजवायचं, पालक खूश. कुणी टोकलंच तर उत्तर तयार होतं: दुरेघी वहीत गिरवलं म्हणून कुणी जन्मभर दुरेघीवर लिहीत नाही. माझे सर गोव्याचे, चर्चच्या शाळेत शिकलेले. तिथे आधी सोल्फेज, म्हणजे सूर गळ्यातून काढायचा, व्हायोलिनला हात नंतर. त्यांना माझ्या टेपा बघवायच्या नाहीत. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा हट्ट.

मग एका पावसाळ्यात एका नऊ वर्षांच्या मुलाची व्हायोलिनच्या पहिल्या ग्रेडची परीक्षा होती. त्याचं व्हायोलिन मीच सुरात लावून दिलं, पियानोची साथही माझीच. चारही मोकळ्या तारा चोख. टेपकडे मी पाहिलं नाही. दमट हवा, घामेजलेली बोटं, सुटलेला डिंक. पिवळी टेप खुंट्यांच्या बाजूला जेमतेम चार मिलिमीटर सरकली होती. अर्ध्या मापाच्या व्हायोलिनवर सूर उतरायला तेवढं पुरतं.

डी मेजर या स्केलमधली साधी चाल. डीच्या तारेवर दुसरं बोट म्हणजे एफ शार्प, आणि चालीत तोच सूर पुन्हा पुन्हा. पियानोवर माझा एफ शार्प जागेवर, त्याचा उतरलेला. त्याला ते कळलं. हे मी शपथेवर सांगेन. गज अडखळला, कपाळावर आठी आली. वाटलं, आता बोट पुढे सरकवेल. त्याने मान खाली घालून टेप पाहिली, बोट उचललं, पुन्हा नेमकं टेपवर ठेवलं आणि गज आणखी जोरात ओढला. मी वाजवत राहिले. साथीदाराने थांबायचं नसतं. चाल संपेपर्यंत प्रत्येक एफ शार्पला त्याची नजर खाली, आणि माझ्या पोटात खड्डा.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "टीचर, बोट टेपवरच होतं ना?"

होतं. मी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

तो पास झाला, घरी पेढे वाटले. त्याच्या कानाने खरं सांगितलं होतं आणि कानाचं ऐकायचं नाही हे त्याला मी शिकवलं होतं. त्या आठवड्यात सगळ्यांच्या टेपा नखांनी खरवडून काढल्या.

आता तानपुऱ्याचं ॲप डीला लावून ठेवते. ए या तारेवर तिसरं बोट नेमकं पडलं की डी वाजतो, शेजारची मोकळी डीची तार आपोआप थरारते आणि गज उचलल्यावरही सूर रेंगाळतो. मुलांना हे सापडतं तेव्हा त्यांचे डोळे बघण्यासारखे होतात. (दुसऱ्या बोटाच्या एफ शार्पला असा साक्षीदार नाही, आणि मुलं नेमकी तिथेच बेसूर होतात. हेही सांगून टाकते.) पुढे कुणी व्हायोला (व्हायोलिनच्याच कुळातलं, खालच्या सुरांचं वाद्य) घेतलं तर त्याला ठरलेलं मापच नाही. कुणाचं पंधरा इंचांचं, कुणाचं साडेसोळा. डोळ्यांनी पाठ केलेली जागा तिथे काय कामाची? आणि कृपा करून "व्हायोला म्हणजे मोठं व्हायोलिन ना?" असं विचारू नका. त्याच्यावर वेगळं लिहावं लागेल.

पण माझी बाजू वाटते तितकी पक्की नाही. एक सात वर्षांची मुलगी पाच महिने माझ्याकडे बेसूर वाजवत राहिली. "मला काहीच येत नाही" म्हणून रडली आणि सोडून गेली. दुसऱ्या क्लासला टेपवर शिकली. गेल्या गणपतीत सोसायटीच्या मंडपात तिला ऐकलं. सुरेल वाजवत होती. मुद्दाम पुढे जाऊन फिंगरबोर्ड पाहिला, तर टेप केव्हाच निघालेली. दुरेघी वहीवाली मी बहुतेक त्या वेळी मनात हसली असणार. तिला द्यायला माझ्याकडे अजून उत्तर नाही. त्या मुलाची आठी विसरता येत नाही, एवढंच.

मागच्या शनिवारी एका सहा वर्षांच्या मुलीच्या व्हायोलिनवर, दुसऱ्या बोटाच्या जागी, पांढऱ्या पेन्सिलीचा बारीक ठिपका दिसला. बाबांनी घरी काढलेला असणार, कारण ते माझी नजर चुकवत होते. ठिपका बरोबर जागी आहे का, ते मी वाजवून पाहिलं. होता. मी तो पुसला नाही.