मोत माऊलीच्या वाटेवर

मोत माऊलीला, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला, पायी जायचं ते एकट्यानं आणि गप्प राहून, हे माझं ठरलेलं. खारोडीहून रात्री निघायचं, मार्वे रोडनं मालाडला यायचं, एस. व्ही. रोड धरला की सरळ वांद्रे. साधारण वीस किलोमीटर. पहाटेची मिस्सा (चर्चमधली उपासना) ऐकायची, मेणबत्ती लावायची, घरी येऊन झोपायचं. सहा वर्षं असंच केलं. यंदा जत्रेच्या पहिल्या रविवारी आमच्या लहान ख्रिस्ती समूहानं एकत्र जायचं काढलं. मी कुरकुर केली, तर शेजारची म्हातारी बाय म्हणाली, "सर्गात पण एकटाच जाणार काय रे तू?"

निघताना फादर थोडंसंच बोलले. पवित्र होणं हे काही फक्त फादर-सिस्टरांचं काम नाही, संसारी माणसालाही तेच बोलावणं आहे, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1964 साली मांडलं. देवाला माणसं सुटी सुटी तारायची नाहीत, त्यांची एक प्रजा करायची आहे, हेही त्यातच आहे म्हणे. ऐकायला बरं वाटलं. पण आमच्या तेवीस जणांच्या प्रजेत तोही होता.

नाव कशाला सांगू? नाताळच्या वर्गणीचा हिशेब तो ठेवायचा. गेल्या वर्षी जानेवारीत भर बैठकीत मी म्हणालो, अठराशे रुपये कुठे गेले? नंतर कळलं, मांडववाल्याची पावती मीच पाहिली नव्हती. चूक माझी, तीही सगळ्यांसमोर केलेली. माफी मात्र एकट्यात मागायचीही हिंमत झाली नाही. त्यानं हिशेबाची वही दुसऱ्याकडे दिली आणि माझ्याशी बोलणं सोडलं.

बारा वाजता आम्ही जेमतेम गोरेगावात. मी एकटा असतो तर जोगेश्वरी ओलांडली असती. कुणाची चप्पल तुटली, कुणाला चहा हवा, बायला दर अर्ध्या तासानं टेकायला पायरी लागायची. त्यात वाद निघाला. जपमाळ म्हणताना येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग आठवायचे, ती रहस्यं, आणि ती वाराप्रमाणे बदलतात: शनिवारची आनंदाची रहस्यं चालली होती, आता रविवार लागला, तर गौरवाची घ्यायची का? बायनं निकाल दिला, "सुरू केलंय ते पुरं करा, माऊली घड्याळ बघत नाय."

अंधेरीच्या सिग्नलला गटाचे दोन तुकडे झाले. पुढचे पार गेले, मागचे अडकले आणि मधल्या दुभाजकावर राहिलो आम्ही दोघं, मी आणि तो. आपली माळ दोन तोंडांनी चालते. एकानं 'नमो मारिया' उचलायचं, दुसऱ्यानं 'पवित्र मारिया' म्हणून ते पुरं करायचं. रहस्य दुसरं होतं, मरिया डोंगराळ मुलखात नात्यातल्या अलीशिबेच्या भेटीला चालत जाते ते. दहातल्या चार झाल्या होत्या. मी गप्प राहिलो असतो तर प्रार्थना अर्ध्यावर लटकली असती. बाजूनं एक टेम्पो भोंगा वाजवत गेला. त्यानं पाचवी उचलली, माझ्याकडे न बघता. मी पुरी केली. सहावी. सातवी. सिग्नल सुटला तरी आम्ही उभेच, कारण नववी मध्येच तोडायची कशी? मागचे येऊन मिळाले तेव्हा दहावी संपत होती.

पार्ल्यापासून पाय बोलायला लागले. पोरं रडकुंडीला आली तशी बायनं गोष्ट काढली: 1700 साली अरब चाचे डोंगरावर चढले, सोनं समजून माऊलीचा उजवा हात तोडला, मग मधमाश्यांनी त्यांना पळवून लावलं. पोरांना मधमाश्या आवडल्या. खार कधी गेलं कळलंच नाही.

हिल रोडला उजाडू लागलं होतं. वर चढणीला नवसाला वाहायचे मेणाचे हात, पाय, घरं, बाळं मांडलेली दुकानं. त्यानं मेणाचं घर घेतलं. त्याच्या खोलीचा वाद कोर्टात आहे, हेसुद्धा मला तिथेच समजलं. मी साधी मेणबत्ती उचलली आणि बायबलमधल्या मत्तयातलं आठवलं: अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. वेदी पन्नास पावलांवर, मागे रांग ढकलतेय, आणि भाऊ शेजारीच सुट्टे पैसे मोजतोय.

"त्या दिवशी मी चुकलो," म्हणालो.

त्यानं आधी पैसे मोजून दुकानदाराला दिले. मग पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून घडी घातलेला कागद काढला. मांडववाल्याची पावती. वीस महिने खिशात फिरून शाई उडाली होती, अठराशेचा आकडा तेवढा दिसत होता.

"बघ," म्हणाला.

मी बघितली. त्यानं पुन्हा घडी घातली आणि म्हणाला, "बायला हात दे, चढ आहे."