दादाच्या उशाशी घुमट

स्कूटरच्या अपघातानंतर सात आठवड्यांनी दादाने डोळे उघडले. वहिनीने गोव्यात माशेलला घरी फोन केला, "शुद्धीवर आले!" पण नजर कुणावरच ठरत नव्हती. हाक मारली, हात दाबला, काही नाही. कोमा संपणं वेगळं आणि भान येणं वेगळं, हे तेव्हा कळलं.

मग आम्ही उशाशी मोबाइलवर भजनं लावली, सकाळपासून रात्रीपर्यंत, महिनाभर. संगीतोपचार करणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी ती बंद करायला सांगितली. सतत वाजणारं गाणं पंख्याच्या घरघरीसारखं होतं, मेंदू त्याची दखल घेत नाही. त्या रात्री मी खूप रडले.

आधी त्याचे कान तपासले, कारण डोक्याला मार बसल्यावर ऐकूही कमी येऊ शकतं. मग भान किती आहे ते मोजणारी सीआरएस-आर ही चाचणी झाली. तिचे सहा भाग, जास्तीत जास्त 23 गुण. भान दिवसभरात कमी-जास्त होतं, म्हणून ती पुन्हा पुन्हा करावी लागते. 2009 च्या एका अभ्यासात 'भान नाही' असं ठरवलेल्या 44 जणांपैकी 18 जणांत या चाचणीने भानाच्या खुणा सापडल्या होत्या. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

आमचा क्रम असा ठरला. स्पंजिंग, फिजिओ झाल्यावर त्याला विश्रांती. मग पाच मिनिटं पूर्ण शांतता, टीव्ही बंद, कुणी बोलायचं नाही. त्या वेळात तो आपोआप काय हालचाल करतो, ते लिहायचं. नंतर दादाच्या श्वासाच्या लयीत ताई त्याचं नाव गुणगुणायच्या. शेवटी वहिनी चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, आरती म्हणायची आणि चुलतभाऊ हळूच घुमट, म्हणजे तोंडाला कातडं ताणलेलं मातीचं वाद्य, वाजवायचा. हे दादाचंच घुमट, बकऱ्याच्या कातड्याचं. पूर्वी घोरपडीचं असायचं, आता त्याला बंदी आहे. दरवर्षी आरतीला तेच घेऊन तो पुढे बसायचा.

अकराव्या दिवशी, वहिनी शेवटच्या ओळीआधी थांबली तेव्हा, त्याच्या उजव्या हाताची बोटं हलली. मी ओरडणारच होते. ताई म्हणाल्या, "लिहा. उद्या पुन्हा बघू." गाण्याशिवायही बोटं हलतात का, दुसऱ्या गाण्याला हलतात का, हे पाहिल्याशिवाय ती खूण धरायची नाही. पुढे ती कधी हलली, कधी नाही. ताईंनी ती शेवटपर्यंत धरली नाही. मला राग आला होता, पण त्यांचंच बरोबर होतं.

दहा दिवसांनी, आरतीनंतर लगेच, डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांसमोर आरसा हळूहळू सरकवला. दादाची नजर आरशामागून गेली. डावीकडे, उजवीकडे, वर. दुसऱ्या दिवशीही गेली. फाइलमध्ये निदान बदललं: किमान भान. आरतीमुळे हे झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण त्या वेळी तो सर्वांत जागा असतो, हे आमच्या वहीतून दिसत होतं, म्हणून तपासणी तेव्हाच ठेवली होती.

परवा घुमट त्याच्या मांडीवर ठेवलं. वाजवलं नाही त्याने. चुलतभाऊ ते उचलू लागला, तेव्हा दादा घुमटाकडे बघत राहिला. मी वेळ लिहिली: चार वाजून दहा.