एकशे दहाच्या पुढं

वाळूजला माझं जॉबवर्कचं शेड आहे. दोन लेथ, एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन. पोट चालतं फ्लँज आणि बुशवर. त्यामुळं त्या दिवशी दारात बीएमडब्ल्यू झेड-४ येऊन उभी राहिली तेव्हा पोरांनी मशीनं बंद केली. मी ओरडलो नाही, मलाही बघायची होती.

मालक जालन्याचा, सळईवाल्या घरातला, असेल पंचविशीचा. "काका, एकशे दहाच्या पुढं स्टिअरिंग थरथरायलंय. चार ठिकाणी बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं. फरकच पडंना."

गाडी नवी आणि चाकं जुन्या थ्री सिरीजची, हौसेनं घेतलेली. कंपनी एकच म्हणजे बसतीलच, असं त्यानं धरलं होतं. पण त्या चाकांची पाच भोकं १२० मिमीच्या वर्तुळावर, या गाडीची ११२ वर. चाकाचं मधलं भोक ७२.६, आणि हब, म्हणजे गाडीचा ज्यावर चाक बसतं तो गोल भाग, ६६.५. बोल्ट तेवढा दोन्हीकडं १४ मिमीचा, १.२५ च्या आट्याचा. म्हणून मध्ये २० मिमी जाडीचा अडॅप्टर घातलेला: तो हबला आवळायचा, मग चाक त्याच्यावर आवळायचं. ११२ आणि १२० मध्ये त्रिज्येला फरक चारच मिमीचा, भोकासमोर भोक घेतलं तर दोन्ही एकमेकांत घुसतात. म्हणून चाकाची भोकं ३६ अंश फिरवून मधल्या जागेत काढतात. पोरानं ऑनलाइन मागवलेल्या सेटमध्ये एवढं तरी बरोबर होतं.

गाडी उचलून चाक काढलं, अडॅप्टर तसाच ठेवून त्याच्या तोंडाला डायल, म्हणजे तोंड किती डुलतं ते मोजणारं घड्याळ, लावला आणि हातानं हब फिरवला. काटा ०.१८ मिमी हलला. अठरा इंची रिमच्या कडेला जाईपर्यंत तो फरक तिपटीच्या वर जातो, म्हणजे अर्ध्या मिमीहून जास्त. अडॅप्टर काढून नुसत्या हबवर डायल धरला तर ०.०२. हब निर्दोष होता.

आता ज्या चार दुकानांनी पैसे घेतले त्यांचं ऐका. बॅलन्सिंग मशीनवर चाक एकटं चढतं, अडॅप्टर गाडीवरच राहतो. मशीन शून्य दाखवणारच. चौघांपैकी एकानंही मध्ये काय बसवलंय ते उघडून पाहिलं नाही. आपल्याकडं वजनाच्या पट्ट्या चिकटवणं म्हणजे दुरुस्ती.

अडॅप्टरच्या मागच्या तोंडाला निळा रंग चोळला, हबवर दाबला, काढला. रंग सगळ्या तोंडावर उठायला पाहिजे होता. उठला फक्त आतल्या कडेला, तोही एकाच बाजूला. हबचा गळा, म्हणजे मधला पुढं आलेला गोल भाग, जिथं उभ्या तोंडाला मिळतो तिथं बारीक गोलाई असते. अडॅप्टरच्या आतल्या कडेला तेवढा चॅम्फर, म्हणजे धार मोडणारा तिरका काप, मारलेलाच नव्हता. धारदार कड त्या गोलाईवर चढून बसली होती आणि बोल्ट आवळताना अडॅप्टर तिरका होत होता. लेथवर एका मिनिटाचं काम! वर पुढच्या बाजूला ७२.६ चा गळाही नाही, चाक नुसत्या बोल्टांवर लटकलेलं.

मी चारही नवे केले. ६०६१-टी६ अॅल्युमिनियमची बार घेतली. बोअर, म्हणजे मधलं भोक, आणि मागचं तोंड एकाच सेटिंगमध्ये काढलं, चक उघडायचाच नाही. दीड मिमी चॅम्फर, पुढं ७२.६ चा गळा, आतल्या बोल्टांची डोकी तोंडाच्या खाली बुडतील अशी घरं. चाकाच्या बोल्टांसाठी अॅल्युमिनियममध्ये थेट आटे पाडले नाहीत, आटे असलेले स्टीलचे इन्सर्ट घातले. बसवून डायल लावला: ०.०३. दिवस गेला, पण हात खूश होते.

स्पेसर, म्हणजे हब आणि चाकामध्ये घालायची अशी चकती, म्हटलं की नाक मुरडणारे आहेत. पोर्शे स्वतः पाच मिमीचे स्पेसर लांब बोल्टांसकट विकते. वस्तू वाईट नाही. पण वीस मिमी म्हणजे ऑफसेट, म्हणजे चाकाचं बसायचं तोंड रिमच्या मधल्या रेषेपासून जितकं बाहेर ते अंतर, ३४ वरून १४ वर येतो, चाक तेवढं बाहेर, बेअरिंगवर ताण तेवढा जास्त. हे मी त्याला सांगितलं. शंभर किलोमीटरनंतर गाडी परत आण, चाकं काढून आतले वीस बोल्ट पुन्हा १४० न्यूटन-मीटरला बघायचे, हेही दोनदा सांगितलं. आतले बोल्ट चाकाआड झाकलेले असतात, बाहेरून पाना लावून कळत नाही. तो "हो काका, हो काका" करत निघाला.

दुसऱ्या रात्री व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ आला. समृद्धी महामार्ग, जिथं मर्यादा १२० ची. काटा १९० वर, स्टिअरिंगवर दोन बोटं. खाली लिहिलेलं, "मख्खन, काका."

तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय. ते भिकार अडॅप्टर त्याला एकशे दहाच्या पुढं जाऊ देत नव्हते. मी त्यांच्यातली खोट शोधली, काढली, आणि वर दोन हजार रुपये कमीच घेतले, कारण काम आवडलं होतं.

बायको म्हणते, तू केलं नसतंस तर दुसऱ्यानं केलं असतं. दुसऱ्यानं ०.०३ ला केलं नसतं, हे तिला कसं सांगू.

शनिवारी येतो म्हणाला होता. आज मंगळवार. दोनदा फोन केला, "मीटिंगमध्ये आहे काका." टॉर्क रेंच, म्हणजे ठरवल्या ताकदीला बोल्ट आवळायचा पाना, काम झालं की सैल करून पेटीत ठेवायचा, असा शेडमध्ये माझाच नियम आहे. तो सकाळपासून १४० वर लावून बाकावर पडलाय, आणि पोरं त्याच्याकडं बघून माझ्याकडं बघतायत.