तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, दाराबाहेर का झोपतो ते

ट्रेकला गेलो की देवळातल्या प्रत्येक मुक्कामाला कोणीतरी विचारतंच, काका आत एवढी जागा आहे की, तुम्ही बाहेर ओट्यावर का झोपता? आत्तापर्यंत मी घोरतो, आत गुदमरतं, चांदणं बघायचंय अशी उत्तरं दिली, एकदा तर देवीनेच सांगितलंय असं ठोकून दिलं. त्यातलं घोरण्याचं तेवढं खरं आहे. परवा रसाळगडावर झोलाईच्या देवळात आमच्या चिपळूणच्या पोरांनी परत तेच सुरू केलं, बाहेर फुरसं चावेल, तुम्हीच तर आम्हाला दगड उलटू नका म्हणून ओरडता. बरोबरे. फुरसं काय माझं वय बघून सोडणार नाही. तर घ्या एकदाचं.

2011 चा ऑक्टोबर. खेड तालुक्यातलंच डोंगरातलं एक देऊळ, नाव लिहीत नाही कारण त्या वाडीत तोंड दाखवायचं अजून बाकी आहे. सहा जण होतो, त्यात दोन मुली कॉलेजच्या, पहिलाच मुक्काम, त्यांच्या आईबापांना मी स्वतः फोन करून शब्द दिलेला. पाऊस गेला म्हणून निघालो आणि संध्याकाळी गडगडायला लागलं. बूट बाहेर काढले, खिचडी झाली, मी कडी घातली, वर अडसरही लावला.

रात्री साडेबारा-एकला दार वाजलं. "ओ, कोन हाय आत? दार उघडा वो."

मी टॉर्च विझवला. बाजूचा उठायला लागला तर त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला दाबून धरला. परत वाजलं, या वेळी हळू. मग कोणीतरी खोकलं, आणि मग नुसता पत्र्यावरचा पाऊस. चोर काय दार उघडा वो म्हणत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण दारू पिऊन आलेले असले तर? हेही डोक्यात होतं, आणि खोटं कशाला बोलू, आजही येईल.

सकाळी दार उघडलं तर ओट्याच्या कडेला एक म्हातारबाबा आणि दहा-बारा वर्षांचा पोरगा, दोघांत मिळून एक घोंगडी, तीही भिजलेली. रेडकू चुकलं म्हणून शोधायला निघाले आणि पावसात अडकले. देऊळ त्यांच्याच वाडीचं, वरचे पत्रे त्यांनीच डोक्यावरून चढवलेले. आणि आमचे बाराच्या बारा बूट उचलून भिंतीला लागून कोरड्यात ओळीने लावलेले. पागोळ्यांच्या बाजूला ते दोघं बसलेले.

म्हातारा म्हणाला, "झोप लागली काय?" टोमणा नव्हता हो. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, हो बाबा, इतके दमलेलो की काही ऐकूच आलं नाही. पोरगा माझ्याकडे बघत राहिला. दाराच्या फटीतून टॉर्च विझताना त्याने बघितला असणार. रेडकू मिळालं का, हे विचारायचंही राहून गेलं.

ज्याला दाबून धरला तो मित्र आता म्हणतो, तू बरोबर केलंस, मुली होत्या. मी त्याच्याशी भांडतो आणि घरी एकटा असलो की त्याचीच बाजू घेतो. तेव्हाचा मी मला विचारतो, काही झालं असतं तर त्यांच्या आईबापांना काय सांगितलं असतंस? याला माझ्याकडे उत्तर नाही. पण कोण आहे, किती जण आहात, एवढं आतून विचारायला काय जात होतं? आणि मी काही नवखा नव्हतो. महिपतगडावर पारेश्वराच्या देवळात, रसाळगडावर झोलाईच्या, आपण पथारी टाकतो आणि 'मुक्कामाची सोय आहे' असं लिहून मोकळे होतो, अरे सोय कोणाची, देव त्यांचा, शिमग्याला पालखी त्यांची, आपण रात्रीपुरते, हे लेक्चर मी त्याच संध्याकाळी खिचडी ढवळताना दिलेलं. कडी त्यानंतर घातली.

म्हणून बाहेर झोपतो. मी दारात असलो की आतून कडी कोणी घालत नाही, आणि कोणी आलंच तर आधी मला भेटेल, असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे बाहेर असलं की दार उघडायचं का नाही हे ठरवायलाच लागत नाही, आणि हे जमवून आणलंय हे मला माहितीये.

परवाचंच सांगतो. तुम्ही सगळे आत मेल्यासारखे झोपलेले. पहाटे तीनच्या सुमारास बॅटऱ्या वर येताना दिसल्या, पाच-सहा माणसं, देवळासमोर थांबून हळू आवाजात बोलत होती, तर मी काय केलं असेल, पांघरूण डोक्यावरून ओढलं आणि पडून राहिलो. मुंबईचा ग्रुप होता. मला ओलांडून आत गेले. एकाचा पाय लागला, सॉरी काका म्हणाला. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.